हातखंब्याहून आत तीन किलोमीटर

राजिवड्यातल्या हाजराला पळायचं वेड लागलं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तेही डॉक्टरांमुळे. साखर वाढली होती. रोज चाला, असं त्यांनी सांगितलं, म्हणून फजरची, पहाटेची नमाज झाली की ती भाट्याचा पूल ओलांडून पलीकडे जायची आणि ओल्या वाळूवरून सुरूच्या बनापर्यंत चालून परत यायची. घरी तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. नवरा हारुन सत्तावीस वर्षं कुवेतला, बंदरात क्रेनवर. एकुलती एक मुलगी महरीन लग्न होऊन पुण्याला गेलेली. लवकर परतून करायचं तरी काय, म्हणून चालणं लांबत गेलं. एके दिवशी किनाऱ्यावर कोणी नाही असं बघून तिने ओढणी कमरेला बांधली आणि पळाली. धाप लागली, पण बरं वाटलं. दोन वर्षांत ती न थांबता पाच किलोमीटर पळायला लागली. मोहल्ल्यातल्या बायका आधी हसल्या, मग हसायच्याही थांबल्या.

हातखंब्याच्या पुढे कातळावर नवं थीम पार्क झालं होतं. जानेवारीत तिथे पाच किलोमीटरची शर्यत ठेवली, तेव्हा महरीननेच पुण्याहून फोनवर दोघींची नावं भरली. ती शनिवारी येणार, रविवारी पहाटे दोघी रिक्षाने जाणार, असं ठरलं. हाजराने सकाळीच बाजारात जाऊन लेकीच्या आवडीची सुरमई आणली. दुपारी महरीनचा फोन आला. सासूला ताप भरला होता, निघता येत नव्हतं. "अम्मी, तूपण एकटी नको जाऊस," ती म्हणाली. हाजरा म्हणाली, बघते.

बघायचं काही नव्हतं. शेजारच्या सखारामला तिने पावणेपाचला रिक्षा घेऊन यायला सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. पावणेपाचला ती नवे बूट घालून उंबऱ्यावर उभी राहिली. पाच वाजले. सखारामचा फोन आला की स्टेशनवरून मुंबईचे पॅसेंजर मिळालेत, अर्ध्या तासात येतो. त्याचा अर्धा तास म्हणजे तास, हे तिला माहीत होतं. शर्यत साडेसहाला सुटायची होती. हाजराने दाराला कुलूप लावलं आणि ती चालत एस्टी स्टँडवर गेली. राजापूरची पहिली गाडी नुकती लागत होती.

गाडीत आठ-दहा माणसं, सगळी मान टाकून झोपलेली. "हातखंबा एक," ती म्हणाली. कंडक्टरने तिकिटाआधी तिच्या बुटांकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर तिला सांगायचं होतं.

फाट्यावर ती उतरली तेव्हा अजून अंधार होता. पार्ककडून आलेल्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की पार्किंगपासून शर्यतीच्या जागेपर्यंत मोफत बस आहे. तिने गृहीत धरलं होतं, बस फाट्यावरच उभी असेल. चहाच्या टपरीवर काशीराम नावाचा माणूस स्टोव्ह पेटवत होता. त्याने सांगितलं की बस इथे येत नाही, ती आतल्या आत फिरते, त्यांच्या पार्किंगपासून गेटापर्यंत. आणि पार्क इथून आत तीन किलोमीटर. एवढ्या सकाळी रिक्षाही मिळायची नाही.

नमाजेची वेळ झाली होती. हातपाय-तोंड धुऊन वजू तिने घरूनच केला होता. काशीरामला विचारून टपरीमागच्या स्वच्छ कातळावर तिने शाल अंथरली आणि नमाज पढली. मग शाल पिशवीत कोंबून ती आतल्या रस्त्याला लागली.

मागून गाड्या येत होत्या. दिव्यांचा झोत तिच्या पाठीवर पडायचा, तिची सावली लांब व्हायची आणि गाडी निघून जायची. आत बसलेल्यांच्या छातीवर नंबर लावलेले दिसत होते, मुलं मागच्या काचेला नाकं लावून बसली होती. एक गाडी हळू झाली. हाजरा बाजूला होऊन थांबली, तशी ती गाडी पुढे निघून गेली. बहुतेक खड्डा असावा, असं तिने मनाशी म्हटलं. घड्याळात सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि अजून दोन किलोमीटर होते. मग ती पळायला लागली.

ती गेटावर पोचली तेव्हा शर्यत सुटून आठ मिनिटं झाली होती. टेबलापाशी यादी घेऊन एक तरुण मुलगी बसली होती.

"आंटी, बसने नाही का आलात?"

"बस पार्किंगमधून. पार्किंगमध्ये यायला गाडी लागते ना, बाय," हाजरा म्हणाली.

मुलगी ओशाळली. तिने घाईघाईने हाजराच्या छातीवर नंबर टाचला आणि सांगितलं की नंबरातच चिप आहे, तुम्ही रेघ ओलांडाल तिथूनच तुमची वेळ मोजतील, जा.

हाजराने एकटीने रेघ ओलांडली. आतला रस्ता मोकळा होता. सिमेंटचे डोंगर, पडदे टाकलेली दुकानं, पाणी नसलेली घसरगुंडी. तिच्या बुटांचा आवाज तिलाच मोठा वाटत होता. पाय आधीच तापलेले होते, त्यामुळे ते आपोआप पडत गेले. तळ्याच्या वळणाला तिला पहिल्या पाठी दिसल्या. एक मागे पडली, मग दुसरी, मग गप्पा मारत चाललेल्या चौघीजणी. किती जणांना मागे टाकलं ते तिने मोजलं नाही.

शेवटच्या कमानीपाशी गर्दी होती. जो तो आपापल्या माणसाला मिठी मारत होता, टॉवेल देत होता, फोटो काढत होता. हाजराच्या गळ्यात कुणीतरी पदक घातलं आणि पोह्यांची डिश दिली. तिने ती एका कठड्यावर बसून संपवली आणि बसमध्ये जाऊन बसली. बस निदान पार्किंगपर्यंत सोडेल, पुढचं पुढे.

बस भरत आली तेवढ्यात भोंग्यावर नाव पुकारलं गेलं. हाजरा सोलकर. पुन्हा एकदा, आणि मग तिसऱ्यांदा. मोहल्ल्यात ती महरीनची अम्मी होती, नाहीतर हारुनच्या घरातली. आपलं नाव असं उघड्यावर, एवढ्या मोठ्याने तिने शाळा सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. ती तशीच बसून राहिली. ड्रायव्हर भागोजी म्हणून साठीचा माणूस होता. त्याने मागे वळून विचारलं, "हाजरा कोण हाय तुमच्यात?"

"मी," ती म्हणाली आणि उठली.

पन्नाशीपुढच्या बायकांत तिचा तिसरा नंबर आला होता. पहिलीबरोबर घरचे सातजण मंचावर चढले, दुसरीबरोबर नवरा. हाजराच्या वेळी फोटोवाला थांबला. तुमच्याकडचं कोणी आहे का, त्याने विचारलं.

"नाय. मी एकटीच."

त्याने फोटो काढला. बक्षिसाच्या पाकिटात पार्कचा पास होता, चौघांच्या कुटुंबासाठी, मार्चअखेरपर्यंत चालणारा. वर तिचं नाव हाताने लिहिलं होतं.

ती खाली उतरली तेव्हा माणसं पांगली होती. पण भागोजी पहिली फेरी सोडून रिकामी बस घेऊन परत आला होता. गाडी कुठं लावलीत, त्याने विचारलं. गाडी नाही, एस्टीने आले आणि फाट्यावरून पायी, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, "माझी ड्युटी पार्किंगपर्यंतच. पण डिझेल भराया फाट्यावर जायचंच हाय. बसा."

एवढ्या मोठ्या बसमध्ये ती एकटी बसली. फाट्यावर उतरताना तिने पास पुढे केला, नातवंडं असतील तर घेऊन जा म्हणाली. भागोजीने तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "तुमचं नाव लिवलंय बाय त्यावर."

घरी येऊन तिने सुरमई तळली. दोघींच्या हिशेबाने आणलेली, दोन दिवस पुरली. पदकाचा फोटो हारुनला पाठवला. संध्याकाळी त्याचा अंगठा आला.

तो शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर फोन करतो. त्या शुक्रवारी हाजराने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. रिक्षावाल्याला जरा दरडावायचंस, तो म्हणाला. पासचं ऐकून म्हणाला की तीन वर्षांनी मिळणारी सुट्टी जूनमध्ये आहे, त्याआधी साहेब सोडायचा नाही. तिकडे कुठेतरी भोंगा वाजला.

"हाजरा, मी तुला पळताना कधी बघितलंच नाय," तो म्हणाला.

"कसं बघशील," ती म्हणाली. "तू गेलास तेव्हा मी पळत नव्हते."