मुलाणी सरांची परात

जूनमध्ये शाळा उघडली की मुलाणी सर आठवीच्या पोरांकडून इनॅमलच्या परातीत मिठाचं पाणी करून घेत आणि ती परात व्हरांड्यातल्या बाकावर वाळायला ठेवत. जूनमध्ये! आमच्या पवनानगरला दोरीवरचा रुमाल गणपतीपर्यंत वाळत नाही, बरणीतलं मीठ पाझरतं, आणि हे गृहस्थ पाणी वाळत घालणार. मी तिथे मराठी शिकवायला नवी लागले होते आणि जन्माची तोंडाळ. विचारलंच, "सर, हे वाळणार कधी?"

"दिवाळीत," ते म्हणाले. "तुम्हाला घाई आहे का, बाई?"

मुख्याध्यापकही कुरकुरत. "सर, नियोजनात बाष्पीभवन जुलैत आहे." सरांचं उत्तर ठरलेलं. "नियोजन करणाऱ्यानं आपला जुलै बघितलेला नाही. त्यांना एकदा मुक्कामाला बोलवा."

परात भरायची म्हणजे सोहळाच. एकेकानं येऊन मूठभर मीठ टाकायचं. पहिली मूठ गडप, दुसरी गडप, आणि असं करता करता मीठ तळाशी तसंच बसून राहायचं. "आता पानी म्हनतंय, बास, प्वाट भरलं. हे झालं संपृक्त द्रावण." पोरं ठाकरवाडीतली, गावातली, सर त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत. दरवर्षी कुणीतरी डोकावून विचारायचंच, "सर, पयलं मीठ कुटं गेलं?"

"हितंच हाय. दिसत न्हाई म्हनून न्हाई, असं न्हाई."

खिडकीतून धुकं वर्गात शिरलं तरी हेच वाक्य, बशीतली कापराची वडी उडून गेली तरी हेच. "वास येतोय ना? मंग हितंच हाय की."

दिवाळीची सुट्टी संपून पोरं परतली की परातीत पांढरेशुभ्र चौकोनी खडे. मग एकच गलका, "सर, मीठ आपोआप आलं!" सर नुसते हसत. प्रत्येकानं एक कण जिभेवर ठेवायचा आणि सगळ्यात मोठा खडा सरांच्या तळहातावर, अशी रीतच पडली होती.

सर शाळेमागच्या एका खोलीत एकटे राहत. त्यांची बायको फार लवकर गेली. मुलगा बंगळूरला. सुट्टी लागली की आम्ही सगळे आपापल्या गावी पळायचो. मी पिशव्या घेऊन जीपची वाट बघत असले की सर फाटकाशी उभे. "तुम्ही नाही जात मुलाकडे?" मी विचारायची.

"माझी परात आहे ना. रात्री दव पडतं, आत घ्यायला कुणीतरी हवं."

"लग्न लावा एकदाचं त्या परातीशी," मी म्हणायची. ते खो खो हसायचे आणि जीप वळेपर्यंत हात हलवत राहायचे.

निवृत्त झाल्यावर मुलगा त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी परात घासूनपुसून माझ्या हातात दिली. "जूनमध्ये भराल ना?" विज्ञानाच्या जागेवर अजून कुणी आलं नव्हतं, आठवी माझ्याच गळ्यात पडली होती. भरली. फोनवर पहिला प्रश्न परातीचाच असायचा. एकदा म्हणाले, "इथली हवा कोरडी आहे हो. बशीत मिठाचं पाणी ठेवलं, तर दोन दिवसांत वाळून मोकळं. वाट बघायला काही शिल्लकच राहत नाही."

गणपती झाले आणि त्यांच्या मुलाचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

दिवाळीला मी घरी गेले नाही. आई फोनवर करवादली, "परातीसाठी राहतेस? डोकं फिरलंय का तुझं?" मी राहिले. सकाळी परात उन्हात मांडायची, दिवस कलला की आत घ्यायची. मधला सगळा दिवस मोकळा. वर्गांना कुलपं, ग्राउंडवर कुणाची तरी चुकार शेरडं, आणि धरणाकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांतली गाणी. चार शब्द बोलायला माणूस नाही. तिसऱ्या दिवशी मी परातीशीच बोलायला लागले, आणि एकदम रडूच फुटलं. सर परात राखत नव्हते हो. परातच सरांना राखत होती.

सुट्टी संपली. पोरं धावत आली. "बाई, मीठ आपोआप आलं!" सगळ्यांनी कण जिभेवर ठेवले. आठवीतल्या हिरानं सगळ्यात मोठा खडा उचलला आणि रीतीप्रमाणे पुढे आली. मग मध्येच थांबली. खडा तळहातावर तसाच. "बाई, सरांचा कुनाला द्यायचा?"

मी तो खडा घेतला आणि काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून ठेवून दिला.

यंदा शाळा उघडली. नवी आठवी परातीभोवती गोळा झाली. पाणी ओतल्यावर मी बाटली उघडली आणि पोरांच्या मुठींआधी तो खडा सोडला. ढवळलं नाही. सगळे वाकून बघत राहिलो. खडा बारीक होत गेला, आणि मग नुसतं पाणीच.

"बाई, कुटं गेला?" एकानं विचारलं.

मी सांगितलं, "हितंच हाय रे."