तांबडी ज्वारी आणि भूगोलाचा मास्तर

बाहत्तरच्या दुष्काळात मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडायला काढलं होतं.

मंगळवेढ्याहून सुमनला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचे वडील आप्पा, ज्वारीचे नावाजलेले शेतकरी. आईने दोन महिने आम्हाला रेशनची तांबडी अमेरिकन ज्वारी खाऊ घालून शाळूची पांढरी ज्वारी पाहुण्यांसाठी जपली होती. तांबडीवर तिचा पहिल्यापासून संशय. "एवढ्या लांबनं आपल्याला चांगलं कोन पाटवतंय? कायतर खोट असंल की."

माझा संशय उलटा. मी भवानी पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवायचो. विकसित आणि विकसनशील देशांतले फरक मला तोंडपाठ होते. (विकसित देश मी नकाशातच पाहिले होते.) आपल्या ज्वारीत खडे, किडे, तिकडची यंत्राने पेरलेली, यंत्राने निवडलेली. पाहुण्यांपुढे मागासलेलं धान्य ठेवायचं? आईने दळायला दिलेला शाळू बाजूला ठेवून गिरणीतून मी गुपचूप तांबडीच दळून आणली.

पाहुण्यांचा चहा झाला आणि आईने पिठाचा डबा उघडला. पीठ तांबूस! त्याला विरीही नाही, चिकटपणाच नाही. भाकरी थापता थापता परातीतच फाटली. आई पिठाच्या हातानेच बाहेर आली.

"गिरणीवाल्यानं पीठ बदललं आमचं."

मी चहाचे रिकामे कप गोळा करू लागलो. (मास्तरला हे सहसा जमत नाही.)

आप्पा काठी घेऊन उठले. "शाळू बदलतोय व्हय? चला गुरुजी, कुटं हाय गिरनी?"

"राहू द्या आप्पा, चुकतो माणूस."

"चूक न्हवं, चोरी हाय ही."

आप्पांची काठी बघून गिरणीवाला हात जोडून म्हणाला, "मास्तरांनीच तांबडी आनली की. मी इचारलं बी, पावन्यांना ही? तर म्हनले, विकसित देशाची हाय."

आप्पा माझ्याकडे वळले. सुमनचं लग्न माझ्या भूगोलात बुडालं. मी सगळं कबूल केलं आणि घाबरून धडाही म्हणून दाखवला: ट्रॅक्टर, खतं, एकरी उत्पन्न. नीट ऐकू यावं म्हणून गिरणीवाल्याने मोटर बंद केली.

"तिकडली मानसं खात्यात का ही?" आप्पांनी विचारलं.

"नाही. तिकडे जनावरांना घालतात."

आप्पा घरी येऊन बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर एक खरं सांगा. हिला शाळंत ह्या गुरुजींनीच शिकवलं का?"

"शिकवलं की," आई घाईघाईने म्हणाली, "पर भूगोलात नापास हाय ती."

आप्पांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली.