सहा वेळा कापलेला दोर

“दोर कापला? कापू दे. नवा वळीन!” असं म्हणताना मामाजींच्या मांडीवर अंबाडीचा दोर वळणं चालूच असायचं. तुम्हीही असे हात पाहिले असतील. तोंड बोलत असतं, हात आपलं काम सोडत नाहीत.

दिघोरीकडच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी साऱ्या गावाच्या या मामाजींनी मला दोर भेट दिला. शाळेत तर नळ होता!

“नळ गेला त, बाई?” ते म्हणाले. मी हसून दोर खुंटीला टांगला.

त्यांच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीला मज्जाव होता. मामाजींनी भर सकाळी सगळ्यांसमोर बादली सोडली. दोर कापला गेला, बादली बुडाली. दुसऱ्या दिवशी नवा दोर, नवी बादली. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा घरात बादलीच उरली नाही, म्हणून बायकोचा लग्नातला पाण्याचा पितळी गुंड उचलून नेला. तोही गेला! सातव्यांदा मात्र विळा घेऊन कुणी आलं नाही. वस्तीनं पाणी भरलं.

“पाणी भेटलं, पण माहा गुंड गेला ना,” मामी टोमणा मारत. एवढा निधड्या छातीचा माणूस, पण तेव्हा खाली मान घालून हसायचा.

गेल्या वर्षी मामाजी गेले. यंदा विहीर बुजवायची ठरत होती. वस्तीतली पोरं म्हणाली, बुजवू नका, तिथे मामाजींच्या नावाची पाटी लावा. ग्रामसभेत एक म्हातारे उठले. “असं काही झालंच नाही. कायले खोटं सांगून राहिले?”

मामी उठून घरी गेल्या. माझं डोकंच फिरलं. “मग उपसा विहीर!” मी ओरडले.

काल उपसली. अख्खं गाव काठावर. गाळातून पहिली बादली आली, गंजून चाळण झालेली. मग दुसरी! तिसरी! पाचवी आली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग, अहो, गुंड आला! मी पदरानं चिखल पुसला. गुंडाच्या काठावर मामींचं नाव कोरलेलं होतं. पन्नाशीतली मी, पोरांबरोबर नाचले. सरपंचबाईंनी तिथेच सांगून टाकलं, पाटी लागणार.

आज सकाळी विहिरीत झऱ्यांचं पाणी पुन्हा साचलं होतं. मामी गुंड घेऊन तिथे आल्या होत्या. ग्रामसभेतले ते म्हातारे काठी टेकत आले.

“दोर मीच कापत होतो, वैनी.”

मामींनी गुंड विहिरीच्या काठावर ठेवला. मी धावत जाऊन शाळेतल्या खुंटीवरचा मामाजींचा दोर आणला. मामींनी तो गुंडाच्या गळ्याला बांधला आणि दुसरं टोक त्या म्हाताऱ्यांच्या हातात दिलं.

“वढा, भाऊजी. मले पाणी पाजा.”