नको ते खोडा

बी.एड.च्या दोन वर्षांत नुसत्या फायली साठतात असं लोकांना वाटतं. साठतात खऱ्या, पण शेवटी त्या कॉलेजात जमा कराव्या लागतात. किस्से तेवढे घरी नेता येतात! माझ्याकडे ते इतके झालेत, की सोनईत कोणी चहाला बोलावलं तर मी एक सांगायला घेते आणि समोरच्याचा चहा गार होतो. त्यातले ब्लॉगचे तेवढे आज सलग सांगून टाकते.

आमचं कॉलेज नगरला. दुसऱ्या वर्षी आयसीटीच्या, म्हणजे संगणकाच्या सरांनी जाहीर केलं, "प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग काढायचा. शाळेत पाठ घ्यायला जाता, तिथले अनुभव लिहायचे. मग एकमेकांच्या ब्लॉगमधून शिकायचं आणि एकमेकांना मार्क द्यायचे. सहाध्यायी मूल्यमापन!" हा शब्द सरांचा फार लाडका. म्हणताना ते डोळे मिटायचे.

पाठोपाठ प्राचार्य येऊन सांगून गेले, "बाहेरचे परीक्षक येऊन ब्लॉग तपासतील. ज्याचा ब्लॉग पहिला, त्याला जूनपासून आपल्या शाळेत मराठीचे तास."

तास वर्गातल्या चाळीसही जणांना हवे होते, पण वैशालीचं सगळंच त्यावर अडलं होतं. ती तिसगावची सून, घरी सात गाई. सासऱ्यांनी तिला मोजून दोन वर्षं दिली होती. "शीक बाई. नोकरी लागली तर जा, न्हाई तर गोठा हायच." हे ती आम्हाला हसत सांगायची, पण आठवड्यातून एकदा तरी सांगायचीच.

*

मूल्यमापनाचा फॉर्म पंचवीस मार्कांचा. मांडणी, वाचकाशी संवाद, चिकित्सक विचार वगैरे रकाने. सगळ्यात खाली एक ओळ : 'लेखन स्वतःचे : आहे / नाही (नको ते खोडा)'.

आमच्यात संदीप नावाचा एक महाभाग होता, राळेगणसिद्धीहून यायचा. लग्न व्हायचं होतं, मिशी झाली होती. त्याने भरलेला पहिला फॉर्म सरांनी सगळ्या वर्गासमोर धरला. 'आहे' शाबूत, 'नाही' शाबूत. मात्र वरची 'तोंडी परीक्षा : १० गुण' ही ओळ पट्टी लावून व्यवस्थित खोडलेली!

"हे काय केलंस?"

"नको ते खोडा म्हनला हुता ना सर? मला ती नको हुती!"

*

ब्लॉग सुरू झाले आणि खाली प्रतिक्रियांचा पूर आला. अडचण एवढीच, की ब्लॉग वाचायला वेळ लागतो आणि 'खूप छान' लिहायला लागत नाही.

एकदा सरांनी नमुना म्हणून स्वतःचा ब्लॉग उघडून दाखवला. त्यावर त्यांनी फक्त 'चाचणी चाचणी' एवढे दोन शब्द टाकून ठेवले होते. खाली अकरा प्रतिक्रिया! 'सखोल विवेचन.' 'डोळे उघडले सर.' शेवटची संदीपची : 'दुसरा मुद्दा विशेष आवडला.'

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात माझे आजोबा वारले. मी ब्लॉगवर त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. ते मला पाटीवर अक्षरं गिरवायला कसं शिकवायचे, एवढंच. लिहिताना मला रडू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघते तर पहिली प्रतिक्रिया : 'खूप छान ताई! असेच उपक्रम राबवत राहा. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

मी ओरडायला संदीपला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ती माझी न्हाई. माझी तिसरी हाय."

*

मार्कांची तर और तऱ्हा. तू मला पंचवीस दे, मी तुला पंचवीस देतो. लग्नात मिळालेला ब्लाउजपीस न उलगडता पुढच्या लग्नात जातो, तसा तो पंचवीसचा आकडा वर्गभर फिरत होता. महिन्याभरात चाळीसच्या चाळीस जण पहिले आले! सरांनी निकाल फळ्यावर लावला आणि म्हणाले, "आपल्या बॅचचा दर्जाच उंच आहे."

पुढच्या महिन्यात मी हट्टाने संदीपला चौदा दिले. चौदाही जास्तच होते. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढून उचलत म्हणाला, "चौदावाल्यांनी आपली आपली चटनी आनावी."

*

आता वैशालीचा ब्लॉग. तिला टाइप करायला सवड कुठली? सकाळी धारा काढताना फोन गव्हाणीवर ठेवायची आणि बोलत सुटायची, फोन लिहून घ्यायचा. तिचं बोलणं गावाकडचं, फोन पडला इंग्रजी वळणाचा. ती 'हाय' म्हणाली की त्याने 'Hi' लिहायचं, आणि 'व्हय' म्हणाली की 'Why'! परत वाचायला वेळ नाही, तसंच ब्लॉगवर.

'आमची शाळा लांब Hi. पत्रे गळके Hi. पण पोरं गुणी Hi. शिकतील का? Why, शिकतील.'

सरांनी हे वर्गात मोठ्याने वाचलं आणि आम्हा सगळ्यांकडे ओळीने बघितलं. "बघा! प्रत्येक वाक्यात ही बाई वाचकाला नमस्कार करते. वाचकाशी संवाद, पाचपैकी पाच! आणि मध्येच विचारते, का? चिकित्सक विचार, पाचपैकी पाच!"

मधल्या सुट्टीत वैशाली माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला. "ताई, म्या कुनाला नमस्कार केला?"

मी तिचा ब्लॉग उघडून दाखवला. ती लाजेने लालबुंद झाली. दुरुस्त करते म्हणून सरांकडे गेली, तर सर म्हणाले, "अजिबात हात लावायचा नाही. संवाद तुटेल!"

*

त्या महिन्यात तिने लिहिलेला एक लेख मात्र खरोखरीचा होता. हे मी मैत्रीण म्हणून सांगत नाही. मार्क द्यायला म्हणून वाचायला घेतला आणि फॉर्म बाजूला ठेवून दोनदा वाचला.

ती पाठ घ्यायला जायची त्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. हजेरीला तिने एकदा 'हाय बाई' म्हटलं, आणि शहरातून आलेल्या आधीच्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर 'आहे' असं दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला. तेव्हापासून ती हजेरीला नुसता हात वर करायची, तोंड उघडायची नाही. वैशालीने तिला काही शिकवलं नाही. फक्त रोज हजेरी घेताना तिच्यापाशी थांबून विचारायची, "तू हायस का गं?" सतराव्या दिवशी मुलगी म्हणाली, "हाय बाई."

ब्लॉगवर अर्थातच ते 'Hi बाई' असं उमटलं. खाली प्रतिक्रिया : 'ग्रामीण भागातील मुलगी इंग्रजीतून बोलू लागली! अभिनंदन मॅडम!'

*

वैशालीच्या घरी नेट कधी येतं कधी जातं. लेख ब्लॉगवर चढेना, म्हणून तिने आधी फोनवरून तो माझ्यासकट पाच-सहा जणांना पाठवला. "वाचून सांगा, बरा हाय का?" ब्लॉगवर टाकायला तिला आणखी दोन दिवस लागले.

तेवढ्या दोन दिवसांत आमची बॅच एकमेकांच्या ब्लॉगमधून शिकली! हा लेख अठरा ब्लॉगांवर आला. सगळ्यात आधी संदीपच्या. सुरुवातीचं वाक्यही त्याने जसंच्या तसं ठेवलं होतं : 'मी निघाले तर सासूबाई म्हणाल्या, दुधाचा कॅन वाटेत देऊन जा.'

मी त्याला गाठलं. "संदीप, तुला सासूबाई कधीपासून?"

त्याने तिथल्या तिथे फोन काढून 'सासूबाई'चं 'आई' केलं, 'निघाले'चं 'निघालो' केलं आणि म्हणाला, "ताई, येवढं बारीक कोन वाचतंय!"

मला राग आला होता. वैशालीला सांगितलं, सरांकडे तक्रार कर. ती म्हणाली, "सरांला काय, ते म्हनतील समदे शिकले. जाऊ द्या." जाऊ द्या म्हणाली, पण त्या दिवशी डब्यातली भाकरी तिने मोडलीसुद्धा नाही.

*

आणि मग परीक्षक आले. पुण्याहून. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकासारखं. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते ब्लॉग वाचून आले होते! हे कळलं तेव्हा आमचे सर दोनदा पाणी प्यायले.

"एकच लेख एकोणीस ठिकाणी आहे," परीक्षक म्हणाले. "तारखा पाहिल्या. सर्वांत आधी संदीप यांच्याकडे प्रसिद्ध झाला. म्हणजे मूळ लेखक ते. उरलेल्या अठरांचे लेख बाद करावे लागतील."

त्या अठरांत वैशाली होती. मी उभी राहून सांगायला लागले, की लेख हिचा आहे, हिने मला आधी पाठवला होता. परीक्षकांनी हात वर केला. "असं इथे अठराही जण म्हणू शकतील. बसा." खरंच आणखी चार जण उठायच्या बेतात होते! वैशाली मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला तो गोठाच दिसायला लागला.

परीक्षकांनी जरा विचार केला. "एक शंका आहे. या लेखात जागोजागी इंग्रजी 'Hi' का? संदीप, आपण हा लेख वाचून दाखवा."

संदीप पुढे गेला. घसा खाकरला. " 'ती मुलगी शेवटच्या बाकावर बसलेली...' " इथे थांबून त्याने वर्गाकडे बघत हात हलवला, " 'हाय!' " पुन्हा फोनमध्ये बघितलं. " 'तोंडातून शब्द काढत न्हाई, पण डोळे बोलके...' " पुन्हा हात, " 'हाय!' "

"हात कशाला हलवता?"

"वाचकाशी संवाद सर."

आमच्या सरांनी मान डोलावली. परीक्षकांनी डोलावली नाही. त्यांनी आणखी दोघांना उठवलं. एकाने 'हाय हॅलो' म्हटलं. दुसरीने तर प्रत्येक वेळी नमस्कार केला. मग ते वैशालीला म्हणाले, "आपण वाचा."

वैशाली उठली. फोन तिने बाकावरच ठेवला. मान वर केली आणि धारा काढताना बोलते तशी एका दमात बोलत गेली. "ती पोरगी शेवटच्या बाकावर बसलेली हाय. तोंडातून शब्द काढत न्हाई, पन डोळे बोलके हाय. म्या रोज इचारलं, तू हायस का गं? सतराव्या दिशी म्हनली, हाय बाई."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, "तिसगावकडची का गं तू?"

"व्हय."

आमचे सर ताडकन उठले. "वैशालीताई! परीक्षकांना उलट प्रश्न विचारायचा नाही!"

परीक्षकांनी वैशालीचा फॉर्म पुढे ओढला, पेन काढलं, खाली वाकून काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि फॉर्म उलटा करून ठेवला. जाताना दारात थांबून तिला एवढंच म्हणाले, "मिरीच्या रस्त्याला माझं घर व्हतं."

फॉर्मचा गठ्ठा प्राचार्यांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी चाळत चाळत वैशालीचा फॉर्म बाहेर काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? 'लेखन स्वतःचे' या ओळीत परीक्षकांनी 'आहे' पण खोडलंय आणि 'नाही' पण खोडलंय! मग जूनपासून तास द्यायचे की नाही हिला?"

मी टेबलावरून वाकले आणि दोन्ही खोडलेल्या शब्दांच्या पुढे, निळ्या पेनने ठळक लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

'हाय.'