वेशीपर्यंत मारबत

रामपायलीजवळच्या खेड्यात मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहिले. पहिल्या दिवसापासून मला ना ते खेडं आवडलं, ना तिथला चिखल. दर महिन्याला मी बालाघाटला बदली मागणारा अर्ज पाठवायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने पहाटेच माझी कडी वाजवली. "उठा बाई, मारबत न्याची हाय!"

मारबत म्हणजे गवताची मोठी बाहुली. गावाची सगळी इडापिडा तिच्यासोबत पाठवायची आणि तिला वेशीबाहेर टाकून यायचं. मी कपाळाला आठ्या घालून निघाले. पण अख्खं गाव बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकूण घेऊन जा गे मारबत!"

"तुमी काहून गप्प?" घरमालकिणीने मला कोपराने ढोसलं.

मग मीही पदर खोचला. "चिखल घेऊन जा गे मारबत! हेडमास्तरांचा राग घेऊन जा गे मारबत!"

हेडमास्तर दोन पावलं पुढेच चालले होते. मागे वळूनही न बघता ते गरजले, "बाईचं नाक मुरडणं घेऊन जा गे मारबत!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. वेशीवर बाहुली टाकली, तेव्हा घरमालकीण सगळ्यांत शेवटी ओरडली, "बाईची बदली घेऊन जा गे मारबत!"

खरं तर मी चिडायला हवं होतं. त्या महिन्याचा अर्ज टेबलावर लिहून तयार होता. त्यावर सही करायची राहूनच गेली.