बहिरोबाचा टाक घेऊन वागळे इस्टेटला

पुतण्याच्या लग्नाआधी देवघरातला झिजलेला टाक मोडून नवा घडवायचा, असं सासूबाईंनी ठरवलं. टाक म्हणजे देवाची आकृती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा. आमचा बहिरोबाचा, असं सगळे म्हणत. पण घासून घासून त्यावर काहीच दिसेनासं झालेलं. सोनाराने विचारलं, जुन्यावर घोडा होता की नुसती उभी मूर्ती? कुणालाच सांगता येईना. आणि तो एकदा आटवला की कळायची वाटच बंद. म्हणून मी ठाण्याला जायचं काढलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सोबत निघाल्या.

वागळे इस्टेटमध्ये एक लहानशी लॅब आहे. जुन्या वस्तू न कापता, न खरवडता तपासतात. जायचं असेल तर आधी फोन करा; घरगुती वस्तू रोज घेत नाहीत. टिटवाळ्याहून दुपारची गाडी धरलीत तर निवांत बसायला मिळतं. ठाण्याला पश्चिमेला उतरून रिक्षा. वाटेत मिसळ खाल्ली. आईंनी टाकाची डबी मांडीवरून खाली ठेवली नाही.

लॅबमधल्या मृणालने डबी उघडली. टाक लखलखत होता. पुसू नका, आहे तसा आणा, असं तिने फोनवर बजावलं होतं. आईंनी सकाळीच चिंच लावून घासलेला.

"परक्यांपुढे देव पारोसा कसा न्यायचा?" त्या म्हणाल्या.

वरच्या थरातून पूजेत काय काय वापरलं ते कळलं असतं, ते गेलं, असं मृणालने सांगितलं. मग पिस्तुलासारखं यंत्र टाकाजवळ धरलं. क्ष-किरणांनी धातू ओळखतात, ओरखडाही उठत नाही. चांदीच निघाली, थोडं तांबं मिसळलेली. जणू मीच शंका घेतली होती, असं आईंनी माझ्याकडे पाहिलं.

नंतर अंधाऱ्या खोलीत कॅमेरा एका जागी ठेवून ती दिवा चारी बाजूंनी फिरवत फोटो काढत राहिली. तिरप्या उजेडात बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते. कॉम्प्युटर त्या सावल्या एकत्र जुळवतो.

स्क्रीनवर हळूहळू आकृती उठली. घोडा नाही, तलवार नाही. निऱ्या होत्या. मनगटात बांगड्या.

"काकू, ही बाई आहे," मृणाल म्हणाली. हातात शस्त्र नाही, तेव्हा देवी नसावी. काही घरांत गेलेल्या माणसांचेही टाक करतात. कोण, ते मात्र यंत्र सांगणार नव्हतं.

आई स्क्रीनजवळ सरकल्या. "म्हणजे कुणाची तरी सून. तुझ्यामाझ्यासारखी."

रिक्षातूनच त्यांनी सोनाराला फोन लावला. जुना मोडायचा नाही, बहिरोबा वेगळा घडव. घोड्यावरच बसव, आणि जरा ऐटीत.

घरी आल्यावर वाटलं, देव समजून किती जणींनी हिला घासलं असेल, आणि त्यातच तिचा चेहरा गेला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं कुणी ना कुणी तिला न्हाऊ घालत होतं.

सासरे गेल्यापासून देवाला हळदीकुंकू वाहायचं असलं की आई मला हाक मारतात. त्या संध्याकाळी हाक आली नाही. मी डोकावले. करंडा त्यांनी स्वतःच उघडला होता, आणि टाकावर तिचं कपाळ कुठे असेल त्या अंदाजाने अनामिकेने कुंकू टेकवत होत्या.