धुळ्यातली वीस मिनिटं

माझ्या मुलीला सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग द्यायचं होतं. शुक्रवार उजाडला तरी तिच्याकडे एक मिनिटसुद्धा नव्हतं.

ती नर्सिंग झालेली. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात तिने दोन वर्षं काम केलं होतं आणि आता जर्मनीला नर्स म्हणून जायचं म्हणून जर्मन शिकत होती. क्लासच्या मॅडमनी सगळ्यांना एकच काम दिलं होतं. ज्या कामात तुम्हाला जायचं आहे, ते करणारा माणूस शोधा, त्याच्यासमोर बसा आणि जर्मनमधून त्याची मुलाखत घ्या. फोनवरून चालणार नाही, कारण मागच्या बॅचने उत्तरं लिहून ठेवून वाचली होती. रेकॉर्डिंग कुठेही कापायचं नाही. मध्ये तिसरा माणूस बोलायला नको. ज्याचं हे होणार नाही, त्याचं नाव परीक्षेला जाणार नाही. पुढची परीक्षा पाच महिन्यांनी होती, आणि तोवर मुलीला ज्या तुकडीबरोबर जायचं होतं ती निघून गेली असती.

क्लासमध्ये सोळा जण. यंत्रांच्या कामाकडे जाणाऱ्यांना एक इंजिनीअर सापडला, त्याने एका दिवसात पाच जणांना मुलाखती देऊन टाकल्या. जर्मन बोलणारी नर्स मात्र आम्हाला अख्ख्या जळगावात मिळेना.

मिळाला तो पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवाल्यामुळे. त्याच्या ओळखीत धुळ्याचा एक मुलगा होता. वय एकोणतीस, तीन वर्षं जर्मनीत एका दवाखान्यात ब्रदर. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात. सध्या सुटीवर घरी आलेला आणि मंगळवारी परत जाणारा.

मुलगी म्हणाली, "पप्पा, नंबर द्या. मी बोलते."

"परक्या घरी, लग्नाच्या वयाच्या मुलाला तू परस्पर फोन करणं बरं दिसत नाही. मी बोलतो. आणि मीच सोबत येतो."

"सोबत कशाला? क्लासमधली एखादी मैत्रीण घेते ना."

"मी येतो म्हटलं ना."

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. दोनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही तिथली सवय घरीही गेलेली नाही. महत्त्वाचा फोन असला की काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहितो. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर पहिलं वाक्य होतं, "माझ्या मुलीच्या क्लासने तिला एक मुलाखत घ्यायला सांगितली आहे." ते मी खोडलं. तीन वर्षं परदेशात नोकरी केलेल्या माणसाला कुणाचा तरी गृहपाठ व्हायला कसं वाटेल, असं मला वाटलं. शिवाय त्याने क्लासचं काम म्हणून टाळलं असतं तर? मग मी एवढंच लिहिलं आणि एवढंच बोललो, की मुलगी नर्स आहे, तीही जर्मनीला जायचं म्हणते, तुमच्या मुलाच्या नोकरीबद्दल थोडं विचारायचं आहे, रविवारी तिला घेऊन येऊ का?

फोन मुलाच्या वडिलांनी घेतला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या ना भाऊ! घरनी बाईलेबी आना."

"नाही, आम्ही दोघंच येतो."

"बरं बरं. पहिल्यांदा दोघंच ठीक शे."

पहिल्यांदा या शब्दाशी मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर, एरंडोल आणि पारोळ्याला थांबा धरून अडीच तास. सकाळी साडेसातची बस धरली तर अकराच्या आत पोचू, मुलाखतीला अर्धा तास, दीडची बस परत.

बसमध्ये ती खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत प्रश्न म्हणत होती. प्रश्न चौदा होते. मला जर्मन येत नाही. फक्त आकडे येतात, तेही ती भिंतीपलीकडे महिनाभर घोकत होती म्हणून. पारोळा सोडल्यावर तिने विचारलं, "मध्येच अडकले तर?"

"अडकायचं नाही."

तसं म्हणायला नको होतं. ती पुन्हा पहिल्या प्रश्नापासून म्हणायला लागली.

घर सापडायला वेळ लागला नाही, कारण मुलाचे वडील गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते. अंगणात सडा, रांगोळी. पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या नऊ खुर्च्या, त्यातल्या पाच लाल आणि चार निळ्या, म्हणजे काही शेजारून आणलेल्या. मुलगा नव्या शर्टात होता, शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. त्याच्या शेजारी पांढऱ्या टोपीतले त्याचे थोरले काका बसले होते. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत. मुलाची आई पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि माझ्या मुलीकडे बघून हसली.

आबांनी आमचं मूळ गाव विचारलं. मी चोपड्याजवळचं गाव सांगितलं. "तठे आमना पाव्हना शेत," तिथे आपले नातेवाईक आहेत, असं म्हणून त्यांनी चार जणांची नावं घेतली. त्यातले दोन मला माहीत होते. ते खूश झाले. मला वाटलं, मोठी माणसं आहेत, ओळख काढतात.

मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, शांत खोली मिळेल का विचारा ना."

पण आल्याआल्या कामाचं काढणं मला उद्धटपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही बरंच विचारायचं होतं. एकुलती एक मुलगी सात हजार किलोमीटर लांब पाठवायची म्हणजे बापाने काही विचारायचंच नाही का? मी वही काढली. आबा म्हणाले, "इचारा ना भाऊ, लाजू नका. आमना पोऱ्या साधा शे. बठ्ठं खरं सांगस."

मी विचारत गेलो आणि लिहीत गेलो. ड्युटी किती तासांची? महिन्यात रात्रपाळ्या किती? खोली केवढी, तिच्यात किती जण राहतात? स्वयंपाक कोण करतं? आजारी पडलं तर बघायला कोण? कायमचं तिकडेच राहायचं की परत यायचं? मुलगा नीट उत्तरं देत होता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो दर वेळी आईकडे बघत होता.

"लिखी ऱ्हायनात!" आबा भावाला म्हणाले. "पक्का मानूस शे."

आई माझ्या मुलीजवळ येऊन बसली. "बेटा, तू तठे गई तं दोन्ही जण एकच दवाखानामा ऱ्हाशात का?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होतो. तेवढ्यात आई आत गेली आणि तबक घेऊन आली. त्यात हळदकुंकू, नारळ आणि हिरवं ब्लाउजपीस होतं.

माझी मुलगी उभी राहिली. तिचे शब्द स्वच्छ होते. "काकू, माफ करा. मी लग्नासाठी आलेली नाही. मला यांची मुलाखत घ्यायची आहे, जर्मनमधून. क्लाससाठी."

मला माझ्या वहीतल्या दीड पानाची इतकी लाज वाटली की ती मिटायचंही सुचेना.

मुलाचे वडील म्हणाले, "मंग फोनवर क्लासनं काहीच सांगं नही तुम्ही?"

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "लिहिलं होतं. खोडलं."

"पोर एकटी वनी व्हती तं आम्ही समजी जातूत," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाप संगे वना म्हंजे सोयरीकच ना भाऊ."

ते खरंच होतं. मीही त्यांच्या जागी तेच समजलो असतो. लोक काय म्हणतील म्हणून मी तिच्यासोबत गेलो आणि मी सोबत गेलो म्हणूनच हे झालं.

आई तबक घेऊन तशीच आत गेली. मुलाचे वडील उठून अंगणात गेले. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मला शंका आली होती काका. पण आई दोन दिवस इतकी खुशीत होती, माझ्याने विचारवलं नाही."

पावणेबारा वाजले होते. मी उठायच्या बेतात होतो. या घरात आता मुलाखत मागायला माझं तोंड नव्हतं. मुलीला खुणेने म्हटलं, चल. ती दाराकडे न जाता स्वयंपाकघरात गेली.

आतलं बोलणं आधी ऐकू येत नव्हतं. मग आईचा आवाज वाढला. "तीन जण सोयरीकले ना म्हनी गयात. पोऱ्या लोकेसना आंग धोस म्हने. मी काय सांगू त्यासले? तो तठे काय करस, माले कोनी सांगंच नही!"

यावर माझी मुलगी काय म्हणाली ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या. आईने पदराने तोंड पुसलं आणि मुलासमोरची निळी खुर्ची ओढून दिली. "बस पोरी. इचार. पन मंग माले बठ्ठं आपली भाषामा सांगजो."

"सगळं सांगते काकू."

"आन तुम्ही भाऊ," ती माझ्याकडे वळली, "आते काही इचारू नका."

आबा फिसकन हसले. मी वही पिशवीत टाकली.

मुलीने मोबाइल दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवला. तिसऱ्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद करून आम्ही सगळे तोंड मिटून बसलो. आईने गॅसही बंद केला. माझ्या मनगटावर अकरा वाजून चोपन्न मिनिटं झाली होती.

पहिले चार प्रश्न ती घाईत बोलली. पाचव्याला एका शब्दावर अडखळली, मागे गेली, परत बोलली. मुलगा शांतपणे उत्तरं देत होता. इथे मान खाली घालून बसणारा तो जर्मनमध्ये ताठ बसून बोलत होता, हातवारे करत होता, एकदा हसलासुद्धा. त्याची आई हे बघत होती. मी फक्त आकडे वेचत होतो. आख्त, म्हणजे आठ. त्स्वेल्फ, बारा. कशाचे आठ, कशाचे बारा, काही कळत नव्हतं. माझ्या मुलीच्या पुढच्या आयुष्याबद्दल समोर बोलणं चाललं होतं आणि मला त्यातले फक्त आकडे समजत होते.

सतराव्या मिनिटाला तिने काहीतरी विचारलं आणि त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. मग तो खाली बघत, हळू, बराच वेळ बोलला. त्यात एकदा झीबन आलं. सात. तो थांबला. पुढचा प्रश्न यायला हवा होता. आला नाही. मी सेकंदकाट्याकडे बघत राहिलो. तीन, पाच, आठ. अडकली, असं माझ्या मनात आलं. आता मध्ये मी खोकलो तरी सगळं गेलं. अकराव्या सेकंदाला ती बोलली, पण तो प्रश्न वाटला नाही. दोनच शब्द होते. त्याने मान हलवली. मग ती पुढच्या प्रश्नावर गेली.

रेकॉर्डिंग बावीस मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं.

नंतर तिने त्याच्या आईला सगळं मराठीतून सांगितलं. तुमचा मुलगा म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. एका वेळी आठ जण त्याच्याकडे असतात. औषधं, जखमा, जेवण, अंघोळ सगळं तोच बघतो. एक आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून दाढी करून घेत नाहीत. आई मध्येच म्हणाली, "दाढी बी करस?" आणि मुलाकडे असं बघितलं की त्याने चेहरा फिरवला. आम्ही निघालो तेव्हा तिने माझ्या मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तो नारळ दिलाच. "सोयरीकना नही," ती म्हणाली. "पोरले रिकामा हाते जाऊ देऊ नही."

दीडची बस गेली होती. अडीचची मिळाली. पारोळ्यापर्यंत मी वही चाळत होतो. मग म्हणालो, "त्याच्या आईला तू एक उत्तर सांगितलं नाहीस. सात आकडा ज्यात होता ते."

तिने खिडकीबाहेर बघितलं. "सगळ्यात अवघड काय होतं, असं विचारलं होतं. पहिल्या हिवाळ्यात सात आठवडे त्यांच्याशी कामाशिवाय कुणी बोललं नाही. घरी रोज फोन करून सांगायचे, खूप मित्र झालेत. आईसमोर ते कसं सांगणार?"

"आणि तू मध्ये काय म्हणालीस?"

"कळलं मला, एवढंच."

मी विचारलं, "तूही आम्हाला असंच सांगशील का?"

"माहीत नाही पप्पा," ती म्हणाली. मला खोटा धीर दिला असता तर बरं वाटलं असतं, पण तिने तो दिला नाही.

सोमवारी तिने रेकॉर्डिंग दिलं. बुधवारी मॅडमनी ते ऐकून शेऱ्यांचा कागद दिला. नऊ चुकांवर लाल खुणा होत्या. सतराव्या मिनिटापाशी त्यांनी मराठीत लिहिलं होतं, "इथे चांगलं ऐकलंस." नाव परीक्षेला गेलं. मी आनंदाने पेढे आणले आणि मेडिकलवाल्याला द्यायला गेलो. त्याने विचारलं, "मग, कधी जाणार ताई?" मी महिना सांगितला. मनात मात्र तिकडचे पहिले सात आठवडे मोजत होतो.